मिनी ट्रॅक्टरच्या पलटी नांगराचा हायड्रॉलिक सिलिंडर खोलणे आणि सील बदलणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्राक्ष, डाळिंब, संत्र्याच्या बागेत दोन ओळींमधून जाणारा छोटा ट्रॅक्टर आता बहुतेक बागायतदारांकडे असतो. त्याच्यामागे हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने उलटणारा, पलटी नांगर लावला की एक-दोन हंगामांत कधीतरी सिलिंडरच्या रॉडवर तेलाचा ओघळ दिसतो. लोक तडक नवा सिलिंडर आणतात, नाहीतर तेल ओतत ओतत हंगाम काढतात. दोन्ही टाळता येतं. गेली काही वर्षं मी स्वतःचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सिलिंडर खोलतो आहे. तेव्हा विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हे नेमकं कोणत्या सिलिंडरबद्दल आहे? ट्रॅक्टरची लिफ्ट बसते, तेही यात येतं का?

नाही. नांगर उचलणारे जे दोन हात असतात, त्यांचा सिलिंडर ट्रॅक्टरच्या मागच्या घरात, सीटखाली असतो. तेल त्याला एकाच बाजूने ढकलतं आणि खाली येणं अवजाराच्या वजनाने होतं. तो खोलायचा म्हणजे लिफ्टचं अख्खं कव्हर उतरवायचं. ते काम वेगळं.

इथे बोलतो आहोत ते नांगराच्या सांगाड्यावर बाहेर दिसणाऱ्या सिलिंडरबद्दल. त्याला दोन होस पाइप असतात. एका पाइपातून तेल गेलं की रॉड बाहेर येतो, दुसऱ्यातून गेलं की आत जातो. समोर लावलेल्या छोट्या डोझरचा सिलिंडरही बहुधा असाच असतो, त्यामुळे खालचं बरंचसं त्यालाही लागू पडेल.

छोटा दिसतो, पण त्याच्यात जोर किती असतो?

हा हिशेब एकदा करून बघाच, म्हणजे पुढची काळजी का घ्यायची ते आपोआप कळतं. समजा नळीचा आतला व्यास ५० मिमी आहे आणि रॉड २५ मिमीचा. पिस्टनचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर भरतं. दाब १५० बार धरला (एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोहून किंचित जास्त जोर), तर रॉड बाहेर ढकलताना सुमारे ३,००० किलोचा जोर लागतो. आत ओढताना रॉडने अडवलेली जागा वजा होते, उरतं १४.७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण २,२५० किलो.

बऱ्याच पलटी नांगरांत रॉड आत ओढला की नांगर उभा होतो आणि मध्यबिंदू ओलांडल्यावर रॉड पुन्हा बाहेर जाऊन तो दुसऱ्या बाजूला टेकतो. म्हणजे जड उचल होते ती ओढण्याच्या, कमी जोराच्या बाजूने. त्याच वेळी रॉडभोवतीच्या सीलवर पूर्ण दाब येतो. आणि नांगरताना दिवसभर रॉड बाहेरच, धुळीत. या सिलिंडरची रॉडसील आधी का जाते, ते यावरून लक्षात येईल.

रॉडवर तेल दिसतंय म्हणजे कोणती सील गेली?

आधी आत काय काय असतं ते बघू. ज्या तोंडातून रॉड बाहेर येतो तिथे ग्लँड असते, म्हणजे मधून रॉडला वाट देणारं नळीचं झाकण. ग्लँडच्या सर्वांत बाहेरच्या खाचेत वायपर सील बसते. तिचं काम रॉड पुसायचं, तेल अडवायचं नाही. तिच्या आत रॉडसील, जी तेल अडवते. ग्लँडच्या बाहेरच्या अंगावर ओ-रिंग असते, ती ग्लँड आणि नळी यांच्यामधली फट बंद करते. आत रॉडच्या टोकाला पिस्टन, पिस्टनवर त्याची सील आणि घासपट्टी. घासपट्टीला सील किटवाले वेअर रिंग म्हणतात.

तेल रॉडला धरून येत असेल तर रॉडसील गेली. ग्लँड आणि नळीच्या सांध्यातून येत असेल तर ओ-रिंग. सिलिंडर कोरडा पुसा, रॉड दोन-चार वेळा आतबाहेर करा, ट्रॅक्टर बंद करून मग बघा. आधी निपलपासून, म्हणजे होस पाइप सिलिंडरला जोडतात त्या सांध्यापासून, सुरुवात करा. निपलमधून गळणारं तेल नळीवरून वाहत ग्लँडपर्यंत येतं आणि माणूस विनाकारण सिलिंडर खोलून बसतो.

बाहेर थेंबही नाही, पण नांगर अर्ध्यावर उभा राहतो, पलटत नाही. काय झालं असेल?

सर्वांत आधी क्विक कपलिंग बघा, म्हणजे होस पाइप ट्रॅक्टरला जोडायचा खटक्याचा सांधा. ते अर्धवट बसलं असेल तर आतली गोळी तेल अडवून धरते. काढा, पुसा, खटकन आवाज येईपर्यंत दाबून बसवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मग तेलाची पातळी आणि फिल्टर.

ते सगळं ठीक असेल तर पिस्टनसीलची परीक्षा घ्या. रॉड पूर्ण बाहेर, शेवटाला टेकेपर्यंत काढा. ट्रॅक्टर बंद करा, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडा. रॉडच्या बाजूचा होस पाइप काढून त्याचं तोंड लोखंडी बूच लावून बंद करा. सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली डबा ठेवा. आता ट्रॅक्टर चालू करून लिव्हर रॉड बाहेर काढण्याच्याच बाजूला धरा, चुकूनही उलटा नको. सुरुवातीला साचलेलं थोडं तेल पडेल. त्यानंतरही धार चालूच राहिली तर तेल पिस्टनवरून पलीकडे जातंय. धार थांबली, तर पिस्टनसील शाबूत आहे आणि दोष पंप, रिलीफ व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की तेल सोडून देणारा) किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये (लिव्हरने तेलाची वाट बदलणारा) शोधायचा. परीक्षेच्या वेळी डब्यासमोर वाकून बसू नका, बाजूला उभे राहा.

डोझर उचलून ठेवला की सकाळपर्यंत खाली बसतो. सील बदलली तरी बसतोच. असं का?

कारण बहुधा दोष सिलिंडरमध्ये नव्हताच. यावर मी थोडं सविस्तर लिहितो, कारण यात लोकांचा पैसा फुकट जातो.

वजन रॉडला आत ढकलतंय आणि दोन्ही पाइप कंट्रोल व्हॉल्व्हने बंद केलेत, असं समजा. पिस्टनसील पूर्ण फाटली तरी रॉडला आत यायला जागा हवी ना? तेल दबत नाही. रॉड जितका आत येईल तितकं तेल कुठेतरी बाहेर जायला हवं आणि दोन्ही वाटा तर बंद आहेत. त्यामुळे रॉड किंचित बसून थांबतो. मात्र आतला दाब वाढतो. वरच्या मापाच्या सिलिंडरमध्ये वजन आता १९.६ ऐवजी फक्त रॉडच्या ४.९ चौरस सेंटिमीटरवर तोललं जातं, म्हणजे दाब चौपट. पाइप फुटायला एवढं कारण पुरतं. तरीही अवजार रात्रभरात खाली येत असेल आणि बाहेर कुठे तेल सांडलेलं नसेल, तर ते तेल कंट्रोल व्हॉल्व्हच्या झिजलेल्या स्पूलवरून (आतल्या सरकत्या दांड्यावरून) टाकीत परत जातंय. तिकडे बघा.

वजन रॉडला बाहेर खेचत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पिस्टनसील गेली की रॉड हळूहळू बाहेर येऊ शकतो, कारण मागच्या बाजूला पोकळी होते. म्हणून आधी ठरवा, वजन ढकलतंय की ओढतंय.

सील जाते का? तिचं वय झालं म्हणून?

कधी कधी. पण वयाने गेलेली सील मी फार कमी पाहिली. बहुतेक वेळा तिला कोणीतरी मारलेलं असतं, आणि मारणारा सापडला नाही तर तो नव्या सीललाही सोडत नाही.

पहिला संशयित म्हणजे पिन आणि बुश. सिलिंडरच्या दोन्ही टोकांना जे डोळे असतात त्यांतले बुश ग्रीसविना झिजून अंडाकृती होतात. मग सिलिंडर सरळ रेषेत ओढत नाही, तिरका ओढतो. रॉड ग्लँडच्या एकाच बाजूला घासतो आणि सील त्या बाजूला चिरडली जाते. माझ्या पहिल्या सिलिंडरला मी एकाच उन्हाळ्यात दोनदा सील बदलल्या आणि दोन्ही वेळा बनावट किट दिलं म्हणून दुकानदारावर चिडलो. तिसऱ्यांदा खोलल्यावर जुन्या तिन्ही सील शेजारी शेजारी ठेवल्या, तर तिन्ही एकाच बाजूला झिजलेल्या. पिन हलवून पाहिली तर बुशमध्ये जवळजवळ तीन मिमी खेळ होता. बुश आणि पिन बदलल्यावर तो सिलिंडर पुन्हा खोलायची वेळ आली नाही. दुकानदाराची मी नंतर माफी मागितली.

दुसरा संशयित, रॉडवरचा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा. प्रत्येक फेरीला तो सीलच्या ओठावरून, म्हणजे रॉडला चिकटणाऱ्या कडेवरून, कानशीसारखा फिरतो. तिसरा, फाटलेली वायपर. मुरमाड रानातली बारीक खडी रॉडला चिकटून आत जाते. चौथा, तेलातलं पाणी. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आधी तेल बदला, सील मागाहून.

जुनी सील फेकू नका. तिच्याकडे नीट बघा. एका बाजूला झिज असेल तर तिरका ओढ. सगळीकडे उभे ओरखडे असतील तर कचरा किंवा खराब रॉड. टणक होऊन चिरा पडल्या असतील तर उष्णता. फुगून मऊ पडली असेल तर चुकीचं तेल. टाचेकडची, म्हणजे ओठांच्या उलट बाजूची, कड कुरतडल्यासारखी दिसली तर फट वाढली आहे, म्हणजे घासपट्टी किंवा ग्लँड झिजली.

घरी जमेल, की टर्नरकडेच द्यावं?

ग्लँड खोलता येण्यासारखी असेल आणि रॉड-नळी चांगली असेल तर घरी जमतं, अर्ध्या दिवसाचं काम आहे. रॉड वाकलाय, नळीत खोल चर पडलाय, डोळ्याचं वेल्डिंग तुटलंय, तर टर्नरकडे जा. काही स्वस्त सिलिंडरांची दोन्ही टोकं वेल्ड केलेली असतात. ते खोलायचे म्हणजे लेथवर कापायचे, आणि तेवढा खर्च नव्या सिलिंडरवर केलेला बरा.

वेळ निवडायची तर नांगरटीच्या आधी. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी सुरू झाली की कोणालाच सवड नसते आणि टर्नरकडेही रांग असते.

कोणती हत्यारं लागतील?

भक्कम व्हाइस, ग्लँडच्या भोकांत किंवा खाचेत बसणारा पिन पाना, सर्क्लिप प्लायर, व्हर्नियर, तांब्याचा किंवा नायलॉनचा हातोडा, आणि सील उचकटायला पितळेची बोथट सळई. स्क्रू ड्रायव्हरने सील काढू नका. सील निघेल, पण खाचेला जो ओरखडा पडेल तिथून नवी सील आयुष्यभर पाझरेल. पिन पाना नसेल तर जाड पट्टीला दोन खुंट्या वेल्ड करून घ्या. छिन्नी आणि हातोड्याने ग्लँड फिरवायची सवय आपल्याकडे फार आहे. छिन्नीच्या खुणा असलेली ग्लँड मला लांबूनच ओळखता येते.

सिलिंडर उतरवताना सर्वांत मोठा धोका कोणता?

दोन आहेत. पहिला, नांगर अधांतरी असताना पिन काढणं. नांगर जमिनीवर पूर्ण टेकवा, पलटणारा भाग ठोकळे लावून पक्का करा, ट्रॅक्टर बंद, मग लिव्हर दोन्हीकडे चार-पाच वेळा हलवा. त्यानंतर निपल हळूहळू, अर्धा अर्धा आटा सैल करा.

दुसरा धोका लोकांना माहीतच नसतो. गळती कुठून आहे हे बोट फिरवून बघू नका. सुईएवढ्या भोकातून दाबाने निघालेलं तेल कातडी भेदून आत जातं. वरून सुई टोचल्याएवढीच खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस घरी जाऊन झोपतो. आत मात्र ते तेल पेशी मारत जातं आणि उशीर झाला तर बोट, कधी हातही जातो. असं झालं तर त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि दाबाखालचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. पुठ्ठ्यावर डाग उमटतो.

ग्लँड निघतच नाही. गॅसने तापवू का?

थांबा. बंद सिलिंडर तापवू नका, त्यावर वेल्डिंगही करू नका. आतलं तेल प्रसरण पावतं, त्याची वाफ होते आणि सिलिंडर बॉम्बसारखा फुटू शकतो. दोन्ही निपल उघडे असले तरी आत राहिलेल्या तेलाची वाफ पेट घेऊ शकते.

आधी ग्लँड कोणत्या जातीची आहे ते ओळखा. आट्यांची असेल तर सांध्यातला गंज तारेच्या ब्रशने काढा, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी नळीच्या तोंडाभोवती हातोड्याने हलके ठोके द्या. पाना लांब करायला पाइप घाला आणि झटका न देता जोर वाढवत न्या. काही ग्लँडींना बाजूने एक छोटा लॉक स्क्रू असतो, तो रंगाखाली लपलेला असतो. तो न काढता जोर लावला तर आटे जातात.

आटे नसतील आणि नळीला बाहेरून एक लांबट खिडकी दिसत असेल, तर ती तारेची ग्लँड. तीत ग्लँड फिरवायची, म्हणजे आतली चौकोनी तार खिडकीतून बाहेर सरकते. तिसरी जात सर्क्लिपची. तीत ग्लँड आधी थोडी आत ढकलावी लागते, मग रिंग मोकळी होते.

व्हाइसमध्ये धरताना नळी मधोमध कधीच आवळू नका, ती दबून अंडाकृती होते. मागचा डोळा धरा.

पिस्टन अडकला आहे. कॉम्प्रेसरची हवा मारून काढू का?

नको. हवा स्प्रिंगसारखी दबते. पिस्टन सुटला की रॉडसकट गोळीसारखा बाहेर येतो. रॉडच्या डोळ्यात सळई घालून हाताने सरळ झटके द्या, ग्लँड रॉडबरोबर बाहेर येईल. त्यानेही नाही आला, तर ग्लँडचे आटे थोडे धरलेले ठेवून ट्रॅक्टरच्याच तेलाने हळू ढकला.

पिस्टनचा नट जाम आहे, तो कसा काढायचा?

आता रॉड बाहेर मोकळा आहे, म्हणून इथे तापवायला हरकत नाही. बऱ्याचदा तिथे लॉकटाइटसारखं आटे चिकटवणारं द्रव्य असतं. नट चांगला गरम केल्यावर ते सुटतं. सील तशाही जाणार असतात, जळल्या तरी चालेल, पण तो धूर नाकात घेऊ नका. रॉडचं क्रोम तापू देऊ नका, त्यावर ओलं फडकं गुंडाळा. रॉड व्हाइसमध्ये धरायचा तर जबड्यांना तांब्याचा पत्रा किंवा लाकडाच्या फळ्या लावा, शक्य असेल तर रॉडचा डोळाच धरा. जुना, आत नायलॉनची रिंग असलेला लॉक नट परत वापरू नका. तो सुटला तर पिस्टन नळीत मोकळा पडतो आणि सगळं काम पुन्हा पहिल्यापासून.

सील किट कुठे मिळतं? सिलिंडरवर नाव-नंबर काहीच नाही.

नाव-नंबर नसणं हेच नेहमीचं. स्थानिक फॅब्रिकेटरने बनवलेल्या नांगरावर स्थानिक सिलिंडर असतो. किट नावाने नाही, मापाने घ्यायचं. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, कोल्हापुरात उद्यमनगर, आणि बहुतेक औद्योगिक वसाहतींच्या आसपास हायड्रॉलिक सीलची दुकानं असतात. तिथे सुट्या सील मिळतात.

माप जुन्या सीलचं घेऊ नका. ती फुगलेली असते किंवा दबलेली असते. माप धातूचं घ्या: रॉडचा व्यास, ग्लँडमधल्या खाचेचा व्यास, खाचेची रुंदी, नळीचा आतला व्यास, पिस्टनच्या खाचेचा तळ. सीलचं नाव तीन आकड्यांत सांगतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची. उदाहरणार्थ २५, ३५, ८. सील उंचीला खाचेपेक्षा किंचित कमी हवी, तिला फुलायला जागा लागते.

एक गफलत वारंवार होते. २५ मिमी आणि १ इंच हे व्हर्नियर घाईत बघितला तर सारखे वाटतात. १ इंच म्हणजे २५.४ मिमी. इंची सील मिमीच्या रॉडवर सैल बसते आणि पहिल्याच दिवशी गळते. दुकानात जाताना शक्यतो रॉड, ग्लँड आणि पिस्टन पिशवीत घालून घेऊनच जा.

पॉलियुरेथेन घ्यावी की रबराची?

रॉडसील आणि वायपर पॉलियुरेथेनची घ्या. ती घासायला चिवट असते, आणि आपल्याकडची माती बघता तोच गुण महत्त्वाचा. ओ-रिंग नायट्राइल रबराची. व्हिटॉन हे उष्णता सोसणारं रबर महाग असतं आणि ते जास्त तापणाऱ्या यंत्रांसाठी. पलटी नांगराचं तेल एवढं तापत नाही.

ब्रेकच्या सील आकाराला जुळल्या तरी त्या वापरू नका. त्या ज्या रबराच्या असतात ते खनिज तेलात फुगतं. उलटही खरं, हायड्रॉलिकमध्ये ब्रेक ऑइल ओतलं तर नायट्राइलच्या सील बिघडतात.

रॉडवर ओरखडे आहेत. पॉलिश पेपरने घासले तर चालतील?

रॉडवरचा हार्ड क्रोमचा थर साधारण २० ते २५ मायक्रॉनचा असतो. म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा-पन्नासावा भाग. घासून ओरखडा काढायला गेलात तर क्रोमच निघून जाईल आणि खालचं लोखंड पहिल्या पावसात गंजेल. वर उठून आलेली बोचरी कड मात्र काढायलाच हवी. बारीक तेलदगड तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवा, बस तेवढंच.

मग नखाची परीक्षा. नख ओरखड्याला आडवं फिरवा. ते अडकलं नाही तर रॉड वापरा. अडकलं आणि तो भाग सीलमधून जात असेल तर नवा रॉड. क्रोम केलेली तयार सळई मापाने मिळते. टर्नर तिला आटे पाडतो आणि डोळा वेल्ड करतो. रॉड वाकलाय का ते काचेवर लोळवून बघा.

आणि नळीच्या आत?

आत उजेड टाकून बघा. आरशासारखी हवी. बारीक रेघा असतील तर ब्रेक सिलिंडरचा होन (नळी आतून घासणारं, बारीक दगडांचं हत्यार) ड्रिलला लावून, भरपूर तेल सोडत, थोडा वेळ फिरवता येतो. नखाला अडकणारा चर असेल तर होनने जात नाही. तेव्हा होन केलेली नवी नळी टाकून घ्यावी लागते. होननंतर नळी डिझेलने धुवा, मग साबणाच्या पाण्याने, वाळवा आणि लगेच तेल लावा. दगडाची भुकटी आत राहिली तर नव्या सीलचा दुसरा दिवस उजाडत नाही. पुसायला सुताचा गुंता वापरू नका, त्याचे धागे सुटतात. स्वच्छ धुतलेलं, घट्ट विणीचं कापड घ्या.

सीलचं तोंड कोणत्या बाजूला?

जिकडून तेलाचा दाब येतो तिकडे सीलचे उघडे ओठ. हे का, ते समजून घेतलं की कधी चूक होत नाही. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, तेव्हा दाब वाढला की पाणी रॉडभोवतून निसटायचं. घट्ट आवळलं तर रॉड हलायचा नाही. तोड त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले या कारागिराने काढली असं सांगतात: चामड्याची वाटीसारखी सील. दाब जितका वाढेल तितके तिचे ओठ स्वतःच रुंदावून भिंतीला चिकटतात, दाब गेला की सैल पडतात. आज आपण पॉलियुरेथेनची जी यू आकाराची सील बसवतो ती याच कल्पनेवर चालते. ओठ उलट बसवले तर दाब त्यांना मिटवतो आणि तेल मोकळं वाहतं.

म्हणून रॉडसीलचे ओठ आत, पिस्टनकडे. वायपरचा ओठ बाहेर, धुळीकडे. पिस्टनवर दोन यू सील असतील तर त्यांच्या पाठी एकमेकींकडे आणि ओठ दोन टोकांकडे. ओ-रिंगबरोबर कडक बॅकअप रिंग असेल तर ती दाबाच्या उलट बाजूला. खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पण आधीच्या माणसानेही चूक केलेली असू शकते, म्हणून फोटोपेक्षा नियमावर भरवसा ठेवा.

रॉडसील ग्लँडच्या आत जातच नाही. कशी घालायची?

कोमट तेलात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, थंडीच्या दिवसांत तर नक्कीच. मग बोटांनी दाबून तिला काजूच्या आकारात दुमडा, तशीच आत सरकवा आणि खाचेत सोडा. ती उलगडून बसते. नंतर बोटाने सगळीकडे चाचपून बघा, पीळ राहिलेला नसावा.

ग्लँड रॉडवर चढवताना रॉडच्या टोकाचे आटे सील कापतात. त्यांवर पातळ प्लास्टिक घट्ट गुंडाळा. नळीच्या तोंडाला आतून आटे असतील तर पाण्याच्या बाटलीचा पातळ पत्रा कापून आत गोल बसवा आणि पिस्टन त्यावरून सरकवा. पिस्टन आत जाताना तेलाच्या भोकावरून जातो. तिथे सील फुगून भोकात शिरते आणि कडेने कापली जाते. भोकाची आतली कड आधीच गुळगुळीत करून घ्या, आणि पिस्टन तिथे पोहोचला की लाकडाच्या बोथट काडीने भोकातून सीलला आत दाबत पुढे सरका. हातोडा लागतोय असं वाटलं, तर समजा काहीतरी अडकलंय. परत काढा.

जोडल्यावर लगेच नांगराला लावू का?

आधी तेल बघा. ५० मिमीची नळी आणि २०० मिमीची चाल (रॉड आतबाहेर सरकतो ते अंतर) असेल तर सिलिंडर सुमारे ४०० मिली तेल पितो. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं. पुस्तिकेत सांगितलंय तेच तेल भरा, दुसरं मिसळू नका.

इंजिन मंद ठेवून, ओझं न लावता, रॉड पूर्ण बाहेर आणि पूर्ण आत असा सहा-सात वेळा हळूहळू न्या. आत अडकलेली हवा टाकीत जाते. हवा असताना घाईने दाब दिला तर ती दबून इतकी तापते की सीलची कड जळते. रॉड धक्के खात चालतोय तोवर हवा आहे असं समजा. मग तेल पुन्हा बघा.

नवी सील घातली तरी रॉड ओलसर दिसतो. चुकलं का?

ओलसर असणं बरोबरच आहे. तेलाचा अगदी पातळ थर रॉडवर हवाच, नाहीतर सील कोरडी घासेल. बोट ओढलं की तेलकट लागावं, पण थेंब बनून पडू नये. थेंब पडत असेल तर पुन्हा खोला. ग्लँड जास्त आवळून ही गळती थांबत नाही, कारण ओठांना दाब तेल देतं, आटे नाही.

नांगरताना रॉड दिवसभर बाहेरच असतो. तो जपायचा कसा?

दोन्ही टोकांच्या पिनांना रोज सकाळी ग्रीस. काम संपलं की रॉड कापडाने पुसून घ्या, चिखल वाळू देऊ नका. बागेत बोर्डो किंवा कुठलंही ताम्रयुक्त औषध फवारताना नांगर तिथे उभा असेल तर रॉड नंतर साध्या पाण्याने धुऊन पुसा. क्रोमला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात. मोरचुदाचं पाणी त्यांतून लोखंडापर्यंत पोहोचलं की क्रोमखाली गंज धरतो.

हंगाम संपल्यावर नांगर सोडताना शक्य असेल तर रॉड आत घेऊनच ठेवा. आत घेता येत नसेल तर उघड्या भागावर ग्रीसचा जाड थर द्या आणि वर प्लास्टिक गुंडाळा. पुढच्या हंगामात लिव्हरला हात लावण्याआधी ते ग्रीस पूर्ण पुसून काढा, कारण तोवर त्यात वर्षभराची धूळ बसलेली असते.